आधी दफनभूमी, मग सिनेगॉग: अमेरिकेच्या पश्चिमेतल्या ज्यू वस्त्या कशा उभ्या राहिल्या आणि कशा उठल्या

गवताळ_प्रदेश

अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकत गेलेल्या सीमेवर ज्यू लोकही होते, हे आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. काउबॉय, सोनं, रेल्वे यावर गप्पा संपतात. म्हणून हा धागा. प्रश्न असा: दहा-वीस कुटुंबं, जवळचा रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू शेकडो मैलांवर, अशा ठिकाणी समाज उभा करायला सुरुवात कशाने होते?

मला सापडलेलं उत्तर दफनभूमीने. लॉस एंजेलिस बघा. १८५४ मध्ये तिथे हिब्रू बेनेव्हलंट सोसायटी निघाली, ती त्या शहरातली पहिली धर्मादाय संस्था. १८५५ मध्ये चावेझ रव्हीनजवळ दफनभूमीची जागा मिळाली. रीतसर प्रार्थनामंडळ १८६२ मध्ये, आणि स्वतःची इमारत थेट १८७३ मध्ये. मोंटानातल्या हेलेना गावात संस्था १८६६ ची, सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ १८९१ चं. पंचवीस वर्षांचं अंतर.

कारण अगदी व्यवहारी आहे. प्रार्थना कुणाच्याही दुकानाच्या मागच्या खोलीत होते. धर्माला चालणारं मांस नाही मिळालं तर अंडी-मासे खाऊन भागतं. मेलेल्या माणसाला मात्र थांबवता येत नाही, दफन शक्य तितक्या लवकर व्हायला हवं. कबर एकदा झाली की ती हलवायची नाही, म्हणजे जागा कायमची हवी, वेगळी हवी, कुंपण हवं. आणि जागेची खरेदी कुणा एकाच्या नावावर केली तर तो पुढच्या खाणीकडे निघून गेल्यावर काय? म्हणून संस्था, अध्यक्ष, खजिनदार, महिन्याची वर्गणी. मग त्याच वर्गणीतून आजाऱ्याची शुश्रूषा, विधवेला मदत, अडकलेल्याला परतीचं भाडं. मेलेल्यांसाठी काढलेली संस्था अशी जिवंतांच्या कामाला लागली.

कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या पट्ट्यात सोनोरा, मोकेलम्नी हिल, जॅक्सन, प्लेसरव्हिल, ग्रास व्हॅली, नेव्हाडा सिटी, मेरीझव्हिल इथे त्या काळातल्या ज्यू दफनभूमी आजही आहेत. जॅक्सनमध्ये १८५७ मध्ये लहानसं सिनेगॉगही बांधलं होतं, खाणींच्या त्या पट्ट्यातलं ते पहिलं. इमारत गेली, कबरी राहिल्या.

जाणकारांनी भर घालावी.

---

जुनी_वही

उत्तम धागा. यात दुकानाचा भाग हवाच, कारण वर्गणी दुकानातून येत होती.

सोन्याच्या धावपळीत बहुतेक ज्यू खाणकामाला गेले नाहीत, मालाच्या मागे गेले. पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी पाठीवर बोचकं: सुया, दोरा, गुंड्या, फिती, चष्मे, कापडाचे तुकडे. मग घोडागाडी, मग चौकात दुकान. भांडवल मात्र पाठीवरच्या माणसाचं नव्हे. न्यू यॉर्कला एक भाऊ खरेदीला, सॅन फ्रान्सिस्कोला दुसरा गोदामात, तिसरा मेहुणा खाणीच्या गावात विक्रीला, अशी साखळी असायची. माल उधारीवर, आणि उधारी नात्याच्या भरवशावर.

इथे चूक कुठे व्हायची ते समजून घ्या. केप हॉर्नला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला पाच-सहा महिने लागत. आज सॅन फ्रान्सिस्कोत बुटांचा भाव चढला म्हणून बूट मागवले, तर ते उतरेपर्यंत आणखी दहा जणांचे बूट उतरलेले असत आणि भाव वाहतुकीच्या खर्चाच्याही खाली जाई. पनामामार्गे पत्र आणि माणूस महिनाभरात पोहोचे. म्हणून ज्याचा भाऊ न्यू यॉर्कला बसलेला, त्याला बाजाराची खबर इतरांच्या आधी पोहोचवता येई. धंद्यातला खरा फायदा तो होता.

दुसरी गोष्ट 'स्टीमर डे'. महिन्यातून दोनदा पूर्वेकडे बोट सुटे, आणि तिच्यातून सोनं पाठवून देणी भागवायची असत. त्यामुळे आदल्या दिवशी सगळं गाव वसुलीला बाहेर पडलेलं. त्या दिवशी रोकड जमली नाही की पत गेली.

तिसरी गोष्ट आग. सॅन फ्रान्सिस्को १८४९ ते १८५१ या काळात अनेकदा जळालं. खाणीच्या गावांतही लाकूड आणि कॅनव्हासच. ज्यांनी विटांची भिंत आणि लोखंडी दारं-झडपा घातल्या त्यांची दुकानं टिकली. सोन्याच्या पट्ट्यातल्या जुन्या बाजारात त्या लोखंडी झडपा आजही दिसतात.

---

रिव्हेट

वरच्या प्रतिसादाला जोडून. लेवी स्ट्रॉसने जीन्स शोधली असं सरसकट लिहिलं जातं. तो बव्हेरियातल्या बुटेनहाइमचा, १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आलेला घाऊक कापड व्यापारी. युक्ती होती नेव्हाडातल्या रीनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याची. तोही ज्यू, मूळ रीगाचा.

मजुराची विजार फाटते कुठे? कापडात नाही, खिशाच्या कोपऱ्यात. खिशात हात किंवा हत्यार घातलं की सगळा ताण कोपऱ्यातल्या शेवटच्या दोन-तीन टाक्यांवर येतो, तिथला दोरा तुटतो आणि मग शिवण उसवत जाते. डेव्हिसने त्या कोपऱ्यांवर आणि पुढच्या पट्टीच्या बुडाशी तांब्याचे रिव्हेट, म्हणजे आरपार ठोकून चपटे केलेले छोटे खिळे, ठोकले. ताण दोऱ्यावरून धातूवर गेला. पेटंटचा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता, म्हणून त्याने कापड पुरवणाऱ्या स्ट्रॉसला पत्र लिहिलं. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट क्रमांक १३९१२१ मिळालं. गावचा कारागीर आणि बंदरातली पेढी यांची ही जोडी 'जुनी_वही' यांनी सांगितलेल्या साखळीतलीच आहे.

---

कायदेपंडित_नाही

दुकान आणि धर्म यांची सगळ्यात मोठी टक्कर रविवारी होती. शनिवारी धर्मामुळे बंद आणि रविवारी कायद्यामुळे बंद, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस गेले. शिवाय खाणकामगार गावात उतरत तो वार रविवार, खरा बाजार त्याच दिवशी.

कॅलिफोर्नियाने १८५८ मध्ये रविवारबंदीचा कायदा केला. सॅक्रामेंटोचा कापड दुकानदार मॉरिस न्यूमन याला रविवारी विक्री केल्याबद्दल शिक्षा झाली. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती फील्ड यांनी विरोधी मत नोंदवलं होतं. १८६१ मध्ये पुन्हा तसाच कायदा आला आणि या वेळी न्यायालयाने तो उचलून धरला. म्हणजे जिंकलेलं तीनच वर्षं टिकलं. सीमेवर सगळे सारखे, तिथे भेदभाव नव्हता, असं कुणी म्हटलं की हा खटला पुढे करावा.

---

चौरस_मैल

मला शेतकऱ्यांबद्दल लिहायचं आहे, कारण दुकानदारांवर पुष्कळ लिहिलं जातं आणि डाकोटातल्या शेतकऱ्यांवर फार कमी.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळे. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा. अविवाहित स्त्रीलाही अर्ज करता येई. नागरिकत्व मिळालेलं नसलं तरी ते घेण्याचा इरादा लिहून दिला की अर्ज चाले. त्या कागदावर आपल्या जुन्या राजाचं नाव घेऊन निष्ठा सोडावी लागे. १९०५ च्या सुमारास आलेल्या रशियन ज्यूंसाठी ते नाव होतं झार निकोलस दुसरा. सरकारी फी सगळी मिळून १८ डॉलर. मग पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन लागवडीखाली आणायची, वर्तमानपत्रात नोटीस द्यायची आणि साक्षीदार उभे करून मालकी सिद्ध करायची. १९१२ मध्ये मुदत तीन वर्षांवर आली. घाई असेल त्याला १८९१ नंतरच्या नियमाप्रमाणे १४ महिने राहून एकरी सव्वा डॉलर, म्हणजे १६० एकरांचे २०० डॉलर भरून सुटता येई.

आता खरी अडचण. कायद्याची अट होती: राहायचं स्वतःच्याच जमिनीवर. रशियात हे लोक वाडीत किंवा गावात दाटीने राहिलेले. इथे तसं गाव वसवलं तर जमीन हातची जाणार.

हिशेब मांडून बघा. एक सेक्शन म्हणजे एक मैल बाय एक मैल. त्याचे चार चतकोर, प्रत्येकी १६० एकर, बाजू सुमारे ८०५ मीटर. प्रत्येकाने चतकोराच्या मधोमध घर बांधलं तर शेजारी ८०० मीटरवर, त्यापलीकडचा १६०० मीटरवर. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रामदिनी, वस्तीबाहेर चालायची मर्यादा २००० हात, म्हणजे साधारण एक किलोमीटर. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. मधोमध घर बांधणाऱ्याला दहा पुरुष एका किलोमीटरच्या आत मिळतीलच असं नाही.

त्यात रेल्वेला जमीन दिलेल्या पट्ट्यात विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वेचे आणि सोळावा व छत्तिसावा शाळेचा. म्हणजे मोफत जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी, एकाआड एक.

यावर उपाय होते.

पहिला, चार चतकोर जिथे मिळतात त्या सामाईक कोपऱ्यावर चारही घरं बांधायची, प्रत्येक घर आपापल्या हद्दीत. कायदाही पाळला आणि शेजारही मिळाला.

दुसरा, एकाच कुटुंबातल्या बापाने, २१ वर्षांच्या मुलाने, २१ वर्षांच्या मुलीने लागून अर्ज करायचे.

तिसरा धर्मशास्त्रातला. शुक्रवारी सूर्यास्ताआधी मर्यादेच्या आत ठरलेल्या ठिकाणी दोन वेळचं अन्न ठेवायचं. त्या दिवसापुरतं तेच आपलं ठिकाण मानलं जातं आणि चालायची मर्यादा तिथून मोजतात. त्या दिशेला पल्ला दुप्पट होतो, पण उलट दिशेला तेवढाच घटतो. त्यामुळे मिन्यान कुणाच्या घरी आहे हे आधी ठरलेलं हवं.

---

स्वयंपाकघर

@चौरस_मैल, हे हिशेब कुणी मांडलेले वाचले नव्हते. मी पाण्याचं, मांसाचं आणि चुलीचं लिहिते.

मांसासाठी शोखेत हवा, म्हणजे विधिवत कापणारा. सुरी नखावरून आणि बोटाच्या मांसावरून फिरवून तपासतात. बारीकसा दातरा लागला तरी ती चालत नाही. मोठं जनावर असेल तर फुप्फुसं तपासायची. मग घरी मांस अर्धा तास पाण्यात, एक तास जाड मिठात उतरत्या फळीवर म्हणजे रक्त वाहून जाईल, मग तीनदा धुवायचं. मीठ फार बारीक असलं तर ते विरघळून जातं आणि रक्त ओढत नाही. फार जाड असलं तर गळून पडतं. बैल कापला तर एका कुटुंबाला संपत नाही आणि मागचा भाग शिरा काढल्याशिवाय चालत नाही, ते काम जाणणारे फार थोडे. म्हणून कुरणावर कोंबडी सोयीची. वस्तीतल्या एकाला कोंबडी कापण्यापुरती परवानगी असली तरी चाले.

शुद्धिस्नानाचं मिकवे हा त्याहून अवघड प्रश्न. किमान ४० सेआ पाणी लागतं, म्हणजे अर्धा हजार लिटरच्या आसपास. ते नैसर्गिकरीत्या साठलेलं हवं, बादलीने ओतलेलं चालत नाही. कुरणावर तर विहिरीतून बादलीनेच पाणी निघतं! मात्र मिश्ना या प्राचीन धर्मशास्त्राच्या ग्रंथात स्पष्ट सूट आहे: बर्फाने मिकवे भरता येतं. बर्फ भांड्यातून आणून खड्ड्यात टाकला आणि तिथे वितळू दिला तर ते पाणी ओतलेलं धरत नाहीत. उत्तर डाकोटात बर्फाला तोटा नव्हता.

आता चूल. झाडं नाहीत, म्हणून गवताचे पीळ घातलेले मुटके जाळायचे किंवा वाळलेलं शेण. आपल्या गोवऱ्याच म्हणा. गवताचा मुटका काही मिनिटांत जळून जातो, सतत कुणीतरी चुलीपाशी हवं. शब्बाथला आग पेटवायची नाही, तिच्यात जळणही घालायचं नाही. कोळसा असला तर शुक्रवारी निखारे राखेत पुरून रात्र काढता येते, गवतावर ते अशक्य. शास्त्रात यावर एक फार माणुसकीचं वचन आहे: थंडीपुढे सगळेच आजारी. त्यामुळे बिगरज्यू शेजाऱ्याने येऊन चूल पेटवलेली चालते, आणि जिवाला धोका असेल तर स्वतःच पेटवायची.

---

शनवार_तेली

कोकणातल्या बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंची, आठवण येणं साहजिक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. रब्बी नसताना शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि शेमा ही प्रार्थना त्यांनी धरून ठेवली. विधी करायला त्यांच्यातलेच काझी असत. फरक एकच आणि तो मोठा आहे: कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेच गाव, डाकोटात एका पिढीतच ये-जा.

---

पडीक

ये-जा म्हणण्यापेक्षा अपयश म्हणू या. जवळजवळ सगळ्या शेती वसाहती बसल्या. व्यापारी समाज, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेली नाही, जमणार कशी?

---

टेलचं_शेत

@पडीक, हे वाक्य शंभर वर्षं फिरतंय आणि ते चूक आहे. एकेक वसाहत घेऊन बघा, कारण बहुतेक ठिकाणी अपयशाचं मूळ जमिनीत, पाण्यात किंवा कागदात सापडतं.

कोलोराडोतलं कोटोपॅक्सी, १८८२. रशियातून आलेल्या कुटुंबांना डोंगराळ, खडकाळ, उंचावरची जमीन दिली. घरं कबूल केल्यापेक्षा कमी, तीही अर्धवट. जागा सुचवणारा इमॅन्युएल सॉल्टिएल स्वतः तिथल्या खाणींचा मालक होता. पीक थंडीने मारलं, माणसं खाणीत आणि रेल्वेच्या कामावर गेली. १८८४ पर्यंत वसाहत उठली. अशा दगडावर पिढीजात शेतकऱ्यानेही काय पिकवलं असतं?

कॅन्ससमधली बेअरशेबा, तीही १८८२ ची, सिनसिनाटीच्या समितीने वसवलेली. तिथे माणसं मातीच्या ढेकळांच्या घरांत राहून तग धरत होती. त्यांनी जमिनीचा काही भाग गुरांच्या कंपनीला भाड्याने दिला, हातात रोकड यावी म्हणून. समितीला ते पटलं नाही. तिने जनावरं आणि अवजारं काढून घेतली. बैल नेल्यावर शेती बंद पडली, याला शेतकऱ्याचं अपयश कसं म्हणायचं?

लुइझियानातलं सिसिली आयलंड १८८२ च्या वसंतात मिसिसिपीच्या पुरात गेलं. दक्षिण डाकोटातल्या क्रेम्यूने गव्हावरची कीड आणि दुष्काळ सोसला.

आणि युटातलं क्लॅरियन. हे मी सविस्तर सांगतो, कारण पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या कुणालाही ते लगेच कळेल. बेंजामिन ब्राउनच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये गनिसनजवळ सहा हजारांवर एकर जमीन राज्याकडून हप्त्याने घेतली, सप्टेंबरात पहिले बारा जण उतरले. सगळा भरवसा नव्या पायूट कालव्यावर, आणि जमीन त्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. नवा कच्चा कालवा म्हणजे गळती आली, काठ फुटणं आलं. वरचे शेतकरी आधी भिजवणार. जून-जुलैत पिकाला पाणी हवं तेव्हाच आवर्तन टेलपर्यंत पोहोचत नाही. गहू पोटरीत असताना एक पाळी चुकली की दाणा भरत नाही, मग पुढे कितीही पाणी आलं तरी उपयोग नाही. त्यात पिण्याचं पाणीही दूरवरून गाडीवर आणायचं. जमीन पुढे चाळीस-चाळीस एकरांत वाटली, पण हप्ते थांबत नव्हते. १९१६ पर्यंत बहुतेकांनी गाव सोडलं. तिथे आज दोन ज्यू कबरी आहेत.

आणि ब्राउन? तो युटातच राहिला, त्याने अंडी-कोंबडी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली आणि ती नावारूपाला आणली. शेती न जमणारा माणूस हे करत नाही.

---

चौरस_मैल

टेलचं_शेत यांच्याशी पूर्ण सहमत, आणि आणखी एक. 'उठली' म्हणजे 'बसली' नव्हे.

उत्तर डाकोटातल्या मॅकिंटॉश काउंटीत ॲशली गावाजवळ १९०५ च्या आगेमागे बरीच ज्यू कुटुंबं आली. शेजारी रशियातून आलेले जर्मन, काळ्या समुद्राच्या त्याच प्रदेशातले. यिडिश ही या ज्यूंची भाषा आणि जर्मन एकमेकांना समजण्याइतक्या जवळच्या. त्यामुळे नांगरट कशी करायची हे शेजाऱ्याकडून शिकता आलं. कुरण मे-जूनमध्ये उथळ, दोन-तीन इंच फोडायचं, म्हणजे मुळांची ढेकळं उलटी पडून उन्हाळ्यात कुजतात. शरदात पुन्हा नांगरायचं. खोल नांगरलं किंवा उशीर केला तर ढेकूळ कुजत नाही आणि पुढच्या वर्षी बी खाली बसत नाही. पहिल्या वर्षी ताज्या ढेकळावर जवस, गहू त्यानंतर.

यातल्या अनेकांनी मालकी सिद्ध केली. पाच वर्षांनी हातात १६० एकर, त्यावर कर्ज किंवा विक्री, त्यातून गावात दुकान, मुलं शहरातल्या शाळेत, आणि मुलीच्या लग्नासाठी मिन्यान असलेलं गाव. आजूबाजूच्या बिगरज्यू लोकांनीही असंख्य होमस्टेड विकलेच की. ज्यूंनी विकलं तेव्हाच ते अपयश का ठरतं?

---

पडीक

क्लॅरियन आणि बेअरशेबाचं पटलं. माझं वाक्य मागे घेतो. मग एकही वसाहत आतून मोडली नाही का?

---

टेलचं_शेत

मोडली. ऑरेगॉनमधलं न्यू ओडेसा, १८८२ ते १८८७. तिथे पाऊस होता, लाकूड होतं, रेल्वेला लाकूड विकून नगद मिळत होती. पण ते 'आम ओलाम' चळवळीतले तरुण, सामूहिक मालकीचं स्वप्न घेऊन आलेले, धर्मापेक्षा वादविवादात रमणारे. नेतृत्वावरून फूट पडली, ग्रंथालय जळालं, माणसं पांगली. तिथे जमिनीला दोष देता येत नाही. सगळे सीमेवरचे ज्यू सोवळे होते असं या धाग्यावरून कुणाला वाटत असेल, तर हे उदाहरण लक्षात ठेवावं.

---

गवताळ_प्रदेश

सगळ्यांचे आभार. ॲशलीची ज्यू होमस्टेडर दफनभूमी २०१५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदणीत आली. अमेरिकेत राहणारे कुणी अशा ठिकाणी गेले तर दगड कसा वाचायचा ते लिहून ठेवतो.

सर्वांत वर पे आणि नून ही दोन हिब्रू अक्षरं: 'इथे पुरला आहे'. नावानंतर 'बेन' किंवा 'बात' आणि वडिलांचं नाव. कुटुंब जुळवायला इंग्रजी आडनावापेक्षा हे जास्त उपयोगी, कारण आडनावं बदलली, वडिलांचं नाव बदललं नाही. बोटं फाकवलेले दोन हात कोरलेले असतील तर तो कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातला, पाण्याचा चंबू असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांना साहाय्य करणाऱ्या घराण्यातला.

वर्ष अक्षरांत असतं आणि बहुधा पाच हजार सोडून लिहितात. तव ४००, रेश २००, अयिन ७०, गिमेल ३, बेरीज ६७३. त्यात १२४० मिळवले की १९१३. मात्र ज्यू नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, म्हणून मृत्यू तिश्री ते साधारण तेवेत या महिन्यांत, म्हणजे डिसेंबरअखेरच्या आत असेल तर १२३९ मिळवायचे. दगडावर इंग्रजी तारीखही असेल तर दोन्ही ताडून बघा. कोरणाऱ्याला हिब्रू येत नसे तेव्हा रेश आणि दालेत, हे आणि खेत अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल झालेली असते. वर्ष जुळत नसेल तर आधी तीच अक्षरं तपासा.